मामी, डोळे उघडे ठेव! (माझं आयशॅडो-शिक्षण)

आमच्या वयाच्या बहुतेक बायकांचं आयशॅडोबद्दलचं मत लग्नाच्या अल्बमवरून बनलेलं असतं. नव्वदच्या दशकातला कुठलाही अल्बम काढून बघा, नवरीच्या पापणीपासून थेट भुवईपर्यंत एकच निळा नाहीतर साडीला मॅचिंग हिरवा चकचकीत थर, खाली जाड लायनर, आणि वरून फोटोग्राफरचा फ्लॅश, म्हणजे नवरीच्या आधी तो थरच दिसतो. माझ्या लग्नात तो गुलाबी होता. त्यामुळे आयशॅडो म्हणजे पार्लरवाल्या ताईंनी लावायचं आणि आपण पुढची वीस वर्षं फोटो बघून हसायचं, एवढाच माझा त्या वस्तूशी संबंध. रोजचं म्हणाल तर काजळ, लिपस्टिक, टिकली, की निघाले ऑफिसला.

मग नणंदेच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. ठाण्यात, आणि ते पण मे महिन्यात (तो घाम डोळ्यासमोर आणा, पुढे त्याचंच सगळं रामायण आहे). मोठी भाची ब्युटिशियनचा कोर्स करून ब्रायडल मेकअपची कामं घेते, त्यामुळे नवरीची चिंता नव्हती, पण घरच्या बाकी बायकांचं काय? हल्ली नवरीबरोबरच्या बायकांच्या मेकअपला साईड मेकअप म्हणतात आणि त्याचा माणशी वेगळा रेट असतो. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, प्रत्येक वेळी चारपाच जणी, असा हिशोब कागदावर मांडल्यावर माझ्या नणंदेनी तो कागद घडी घालून डब्याखाली ठेवून दिला. भाची म्हणाली मामी तू शिक, बेस-बिस सगळ्यांना जमतो, लोक अडतात डोळ्यांशी, तेवढं मी तुला शिकवते म्हणजे माझ्या हाताखाली एक माणूस तयार होईल. मी म्हटलं अगं माझा चष्मा मायनस चारचा, पापण्या वरून झुकायला लागल्यात, मला कसलं शिकवतेस. तर म्हणे म्हणूनच शिकवते, तुझ्या डोळ्यांवर जमलं तर कुणाच्याही डोळ्यांवर जमेल.

पहिलं काम तिनी केलं ते म्हणजे माझं कपाट उघडायला लावलं. माझ्याकडे एक भलंमोठं पॅलेट होतं, कुणीतरी दुबईहून आणलेलं, उघडलं की जिन्यासारखं तीन मजल्यात उलगडणारं, जांभळ्याच्याच वीस छटा. कधी वापरलंच नव्हतं म्हणून मला वाटत होतं की नवंच आहे. तिनी उलटं करून मागचं चित्र दाखवलं, उघड्या डबीचं, त्यावर २४ एम लिहिलेलं, म्हणजे उघडल्यापासून २४ महिने, मग वापरा नाहीतर नुसतं ठेवा. हे चित्र पावडर, क्रीम, मस्कारा अशा बऱ्याच वस्तूंवर असतं आणि मी आयुष्यात त्याकडे बघितलेलं नव्हतं. मस्काऱ्याचा काळ आणखी कमी असतो, कारण तो ओला आणि ओल्यात जंतू लवकर वाढतात. कोरडी पावडर त्यामानानी टिकते. पण डोळ्याच्या बाबतीत रिस्क कोण घेणार, ते पॅलेट बाद.

बाद करण्याआधी तिनी मला त्यावरच पहिला धडा दिला. एका रंगावर बोट घासलं, मनगटाच्या आतल्या बाजूला एकच रेघ ओढली. रेघ खडूसारखी भुरभुरीत, मध्ये मध्ये कातडी दिसतेय. मग स्वतःच्या किटमधला साधा तपकिरी घेतला, तसंच केलं, तर रेघ सलग आणि मऊ, फुंकर मारली तरी उडेना. म्हणाली दुकानात पॅलेटमधले रंग किती ते मोजू नकोस, ही रेघ बघ. अजून एक गंमत, तिच्या एका जुन्या डबीवर मधोमध काळपट चकाकी आली होती, ब्रश कितीही फिरवा रंगच येईना. सतत बोट लावून त्वचेचं तेल वर साचतं आणि वरचा थर घट्ट होतो. तिनी सेलोटेपचा तुकडा त्यावर हलकेच चिकटवून उचलला, तो थर टेपला चिकटून आला आणि खाली पुन्हा मऊ ताजा रंग! एवढं समाधान मला भाकरीचा पापुद्रा सुटल्यावर मिळतं.

मला सवय आहे, नवीन गोष्ट हातात आली की त्यात काय काय आहे ते वाचून काढायचं. आयशॅडोच्या डबीमागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा काढून नाकाशी धरावी लागली पण वाचली. मुळात तो दाबून बसवलेला भुगा असतो. टाल्क म्हणजे शंखजिरं, अभ्रक, ते धरून ठेवायला थोडं तेल आणि स्टिअरेट, आणि मग रंग. आणि हा रंग कोण, तर निम्म्या वेळा आयर्न ऑक्साइड. डबीवर प्रत्येक रंगाचा ठरलेला नंबर असतो, लाल आयर्न ऑक्साइडचा ७७४९१, पिवळ्याचा ७७४९२, काळ्याचा ७७४९९. म्हणजे जगातले जेवढे म्हणून तपकिरी, विटकरी, चॉकलेटी आयशॅडो आहेत ते बहुतेक या तिघांची वेगवेगळी मिसळ. आणि लाल आयर्न ऑक्साइड म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, तुळशी वृंदावनाला आपण जो गेरू लावतो त्याचाच कारखान्यात शुद्ध करून बनवलेला भाऊबंद. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांचा आयशॅडोकडे बघण्याचा दृष्टिकोन एकदम बदलला.

पण पुढचं वाचून परत बिघडला. काही गुलाबी-लाल छटांमधे कारमाइन असतं, नंबर ७५४७०, आणि ते निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढतात. "म्हणजे किडे वाटून डोळ्याला लावायचे?" बरं, सगळ्या गुलाबीत ते नसतं, व्हीगन लिहिलेल्यात तर नाहीच, पण आमच्याकडे चातुर्मास पाळणारी माणसं, त्यामुळे त्यांच्यासाठी गुलाबी कट झाला तो झालाच.

चमक येते ती अभ्रकानी. अभ्रकाच्या पातळ चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात आणि त्या थराची जाडी जरा कमीजास्त केली की परावर्तित होणारा रंग बदलतो, म्हणजे तीच पांढरी दिसणारी पावडर तिरकी धरली की सोनेरी, गुलाबी, निळसर. हे मला जाम आवडलं, खिडकीत बसून मी बोट वाकडंतिकडं करून किती वेळ बघत बसले होते. पण अभ्रकाची दुसरी बाजू पण आहे. झारखंडमधल्या कोडरमा-गिरीडीह पट्ट्यात बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून बायका आणि लहान पोरं हातानी अभ्रक वेचतात, दरडी कोसळून त्यात माणसं गेलेली आहेत, पोरंसुद्धा. त्यावर ओरड झाल्यावर काही कंपन्या प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक वापरायला लागल्या, डबीवर त्याचं नाव सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट असं येतं. इतकं अवघड नाव मी पाठ केलंय आणि दुकानात शोधते.

असो, मूळ मुद्द्याकडे.

भाचीचा प्रत्यक्ष डोळ्यांवरचा धडा सुरू झाला आणि मी आपली सवयीनी डोळे मिटून मान वर करून बसले, पार्लरमधे बसतो तशी. ती ओरडलीच. "मामी, डोळे उघडे ठेव! समोर आरशात बघ. लोकांना तू काय डोळे मिटून दिसणारेस का?" त्या एका वाक्यात अर्ध शिक्षण झालं असं मी आज म्हणेन. व्हिडिओंमधे काय दाखवतात, पापणी आणि भुवईच्या मधे जी घडी असते तिला क्रीज म्हणतात, हलणाऱ्या पापणीवर फिका रंग, क्रीजमधे गडद रंग, बाहेरच्या कोपऱ्यात सगळ्यात गडद, भुवईखाली उजळ. झालं. त्या मुलींच्या पापण्या रुंद, त्यांना ते शोभतं. माझी वरची कातडी पापणीवर उतरलेली, याला हूडेड आईज म्हणतात, त्यामुळे मी क्रीजमधे कितीही कारागिरी केली तरी डोळा उघडला की सगळं घडीच्या आत गडप. वीस मिनिटं खपायचं आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटणार हिनी काहीच लावलेलं नाही.

त्यावरचा उपाय इतका साधा आहे की राग येतो. आरशात सरळ समोर बघायचं, भुवया न उचलता, चेहरा सैल सोडून. मग ब्रशनी, घडी जिथे दिसते तिच्या जरा वर, एक ठिपका ठेवायचा. तो ठिपका डोळा उघडा असताना दिसतोय ना? मग तीच तुमची क्रीज, खरी कुठे का असेना. दुसऱ्या डोळ्यावर त्याच उंचीवर दुसरा ठिपका. आता हवं तर डोळे मिटा आणि ठिपक्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे रंग पसरवा, दर थोड्या वेळानी उघडून बघा. खोटी घडी काढायची थोडक्यात. आणि रंग कुठला, तर आपल्या कातडीपेक्षा एखाद-दोन छटा गडद असा मॅट तपकिरी, चमक अजिबात नको, कारण चमकणारी गोष्ट पुढे आलेली दिसते आणि चमक नसलेली गडद गोष्ट आत गेलेली दिसते, आणि आपल्याला तर ती उतरलेली कातडी आत ढकलायची आहे.

ब्रशची तर मला वाटायचं अख्खी गुंडाळी लागते. दोन पुरतात. एक आखूड, चपटा, घट्ट केसांचा, रंग दाबून बसवायला; दुसरा लांब, मोकळ्या झुपक्याचा, कडा विरवायला, ज्याला ब्लेंडिंग म्हणतात. ब्लेंडिंगचा ब्रश दांडीच्या पार शेवटाला धरायचा म्हणजे हातचा जोर आपोआप कमी पडतो. मी पेन धरल्यासारखा धरून घासत होते तर "मामी भांडी नाही घासायचीयेत" हे मला किती वेळा ऐकावं लागलं. आणि रंग ब्रशवर घेतला की एकदा दांडी झटकायची, नाहीतर जादाचा भुगा गालावर पडतो. या भुग्यामुळेच भाची डोळे आधी करते आणि फाउंडेशन नंतर, म्हणजे गालावर सांडलेलं पुसून टाकता येतं; आधी फाउंडेशन लावलं की तो भुगा पुसताना खालचा बेस पण जातो. गडद रंग असला तर हे पाळायचंच, फिक्याला चालून जातं.

चष्म्याचं आता सांगते, कारण यावर कुणी बोलतच नाही. मायनस चारवाल्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण एक वीतभर अंतरावरचं स्वच्छ दिसतं, म्हणजे आरशाला नाक टेकवलं की मला पापणीचा एक न एक केस दिसतो. पण इतक्या जवळून एका वेळी एकच डोळा दिसतो! उजवा झकास, डावा झकास, आणि चष्मा लावून लांबून बघावं तर एक भुवईपर्यंत चढलेला आणि एक निम्म्यावर थांबलेला. शेवटी पद्धत अशी बसली की थोडं लावायचं, चष्मा चढवायचा, दोन पावलं मागे जायचं, बघायचं, परत काढायचा. वेळ लागतो, लागू दे. शिवाय मायनसच्या काचेतून डोळे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात, म्हणून चष्मा घालूनच वावरणार असाल तर पापणीच्या केसांच्या मुळाशी गडद रंग जरा जास्त लागतो आणि पापणीच्या मध्यावर उजळ. प्लसचा नंबर असेल तर उलटं, काच डोळे मोठे करून दाखवते, त्यामुळे रंग कमी चालतो पण हात साफ पाहिजे, प्रत्येक कच्ची कड मोठी होऊन दिसते. माझ्या नणंदेचा प्लस आहे, तिचे डोळे करताना माझा घाम निघाला.

घामावरून आठवलं, प्रायमर, म्हणजे आयशॅडोच्या आधी पापणीवर लावायचा थर. मला हा निव्वळ विकायचा धंदा वाटत होता. भाची म्हणाली वाद घालू नकोस, करून बघू. एका डोळ्याला आधी प्रायमर, दुसऱ्याला काहीच नाही, दोन्हीवर एकच आयशॅडो, आणि मला म्हणाली जा भाजी घेऊन ये. ठाणे स्टेशनबाहेरची भाजी, भर दुपार, येताना रिक्षा मिळेना. घरी येऊन आरशात बघितलं तर प्रायमरवाला डोळा जसाच्या तसा, आणि दुसऱ्यात रंग सगळा घडीत गोळा होऊन तिथे एक गडद तेलकट रेघ, बाकी पापणी मोकळी. पापणीच्या कातडीला तेल सुटतं, त्यात पावडर भिजते आणि आपण दिवसभर डोळ्यांची उघडझाप करतो तेव्हा घडी ते सगळं एका जागी ढकलत राहते. प्रायमर त्या तेलाच्या आणि रंगाच्या मधे बसतो. वेगळा प्रायमर नसेल तर कन्सीलरचा (डाग झाकायचं क्रीम) अगदी पातळ थर, बोटानी थापटून, त्यावर चिमूटभर पावडर, तेवढ्यानी पण बरंच काम होतं. आपल्या पापण्या मुळात चेहऱ्यापेक्षा जरा काळपट असतात, तो रंग पण त्यानी एकसारखा होतो आणि वरचे रंग डबीत दिसतात तसे उमटतात. जाड थर मात्र नको, जाड थराला स्वतःच्याच भेगा पडतात.

रंग निवडण्यात आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. माझं म्हणणं साडी मोतिया आणि काठ हिरवा तर डोळ्यावर हिरवा. तिचं म्हणणं साडीकडे बघूच नको, डोळ्याच्या बुबुळाकडे आणि कातडीकडे बघ. आपल्या तपकिरी डोळ्यांना तांबूस, ब्राँझ, वाइन, जांभळट, शेवाळी असं बरंच काही चालतं, त्या बाबतीत आपण नशीबवान. पण गहू किंवा सावळ्या रंगावर पांढरा मिसळलेले फिके पेस्टल, राखाडी, बेबी पिंक लावले की राख फासल्यासारखं होतं. तेच तांब्याच्या रंगाचं शिमर, म्हणजे चमकवाला आयशॅडो, बोटानी मध्यावर नुसतं दाबलं की डोळा जागा झाल्यासारखा. शिमर बोटानीच, ब्रशनी ते भुरभुरतं, बोटाच्या उबेनी नीट बसतं. शेवटी तोडगा निघाला, डोळ्यावर तपकिरी-तांबूस आणि हिरवा फक्त खालच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघेपुरता. फोटोत तो जेमतेम दिसतोय पण मला माहितीये की आहे.

हळदीला दिवसाउजेडी अंगणात असल्यामुळे फक्त मॅट तपकिरी आणि काजळ, कारण उन्हात सगळं दुप्पट दिसतं. लग्नात त्यात तांबूस. रिसेप्शनला हॉलचे दिवे आणि व्हिडिओवाल्याचा झोत, तिथे फिकं लावलं तर चेहरा सपाट दिसतो म्हणून बाहेरच्या कोपऱ्यात गडद चॉकलेटी. नवरीला लेन्स असतात, तर लेन्स आधी आणि मेकअप नंतर, उतरवताना पण आधी लेन्स काढायच्या मगच मेकअप पुसायचा. तिच्या डोळ्याला सुटी चमकी भाचीनी लावूच दिली नाही, एक कण लेन्सखाली गेला की अख्खं रिसेप्शन डोळा चोळण्यात. आणि शाळेच्या क्राफ्टची चमकी तर कधीच डोळ्याजवळ न्यायची नाही, तिच्या कडा धारदार असतात. नवरीच्या एका मैत्रिणीच्या पर्समधे ती नळी निघाली होती!

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांच्या डोळ्यांना कुणीही हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, त्यांनी लिपस्टिकवर भागवलं आणि सगळ्यांत उठून दिसल्या. नणंदेचं वय साठीकडे, पापणीची कातडी नाजूक आणि बारीक सुरकुत्यांची. तिथे शिमर लावलं की प्रत्येक सुरकुती चमकून उठते, म्हणून अगदी कमी पावडर, थोडा सॅटिन (मंद चमकेचा) तपकिरी, आणि कातडी न ओढता थापटत. तिनी आरशात बघून "काही लावलंयस का?" विचारलं. मी पाठवणीपर्यंत थांब म्हटलं. पाठवणीत ती जी काही रडली त्यानंतरही डोळे जागेवर होते, तेव्हा मला जवळ ओढून म्हणाली, "वहिनी, लावलंयस हं."

लग्न झालं तरी ती तपकिरी डबी माझ्याकडेच राहिली आणि आता ती मी पापणीवर लावण्यापेक्षा इतर कामांनाच जास्त वापरते. काजळ पसरतं ही आपली जुनी तक्रार, काजळ लावल्यावर चपट्या ब्रशच्या टोकानी त्यावर तसलीच गडद पावडर दाबायची, पांडा होत नाही. तिरक्या कापलेल्या ब्रशला पाण्याचा थेंब लावून गडद तपकिरीत बुडवला की लायनर तयार, आणि काळ्यापेक्षा सौम्य, ऑफिसला बरं. भुवईतल्या विरळ जागा भरायला हाच. भांगाच्या कडेचे पांढरे केस डोकावायला लागले आणि डाय लावायला रविवारपर्यंत वेळ नाही, तर तिथे पण हाच, फक्त उशीवर डाग पडतो हे आधी सांगून ठेवते. ओठांवर मात्र मी लावत नाही. काही निळे-हिरवे रंग डोळ्याभोवती चालतात पण ओठांसाठी मंजूर नसतात, अमेरिकेत तरी अल्ट्रामरीन निळा असाच आहे, आणि ओठावरचं शेवटी पोटात जातं.

सगळ्यात मजा आली ती गणपतीत. सोसायटीच्या बालनाट्यात चौथीतल्या एका मुलाला आजोबा करायचं होतं. मिशी आणि पांढरा विग आणला पण खाली गुबगुबीत गाल! मी डबी घेऊन बसले. त्याला म्हटलं कपाळाला आठ्या घाल, जिथे आठ्या पडल्या तिथे तपकिरी रेघा, मग वरची कड विरवली आणि रेघेशेजारी उजळ रंग. गाल आत ओढायला लावून खळगा पडतो तिथे सावली, डोळ्यांखाली, कानशिलावर. जवळून नुसता मळका दिसत होता, त्याची आई जरा घाबरलीच. पण स्टेजवर दिवे पडल्यावर शेवटच्या रांगेतून आजोबा. आमच्याकडे एक काका आहेत, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केलेले, त्यांनी मागे येऊन विचारलं रंगभूषा कुणाची? मी मान ताठ करून सांगितलं माझी.

हे असं डोळ्यांना रंग लावणं काही आजचं नाही म्हणा. इजिप्तमधे पाच हजार वर्षांपूर्वी हिरव्या मॅलाकाइटचा दगड आणि काळा गॅलेना पाट्यांवर वाटून डोळ्यांना लावायचे, बायका पण आणि पुरुष पण. कैरोच्या संग्रहालयातली ती प्रसिद्ध नार्मर राजाची पाटी आहे ना, साधारण इसवीसनपूर्व ३१०० ची, ती मुळात रंग वाटायच्या पाटीच्याच घाटाची आहे, मधे वाटायला गोल खळगा. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. २०१० मधे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या जुन्या प्रसाधनातल्या शिशाच्या क्षारांवर संशोधन मांडलं होतं की अगदी थोड्या प्रमाणात ते पेशींना जंतूंशी लढायला चेतवत असावेत. हे वाचून कुणी सुरमा घेऊन बसू नका, शिसं ते शिसंच, लहान मुलांना तर फारच वाईट, आणि आपल्याकडे कायद्यानी सौंदर्यप्रसाधनांत शिशाचे रंग वापरायला बंदी आहे. म्हणून फुटपाथवरची बिननावाची डबी, जिच्यावर ना घटक ना बॅच नंबर ना कंपनीचा पत्ता, ती मी वीस रुपयाला मिळाली तरी घेत नाही.

उतरवायचं पण शिकून घ्या. कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप उतरवायचं पाणी) किंवा साधं खोबरेल घेऊन मिटलेल्या पापणीवर जरा वेळ नुसतं धरून ठेवायचं, मग वरून खाली अलगद पुसायचं. घासाघीस केली तर केस पण येतात हातात. ब्रश आठवड्याला बेबी शॅम्पूनी धुवून आडवे वाळवायचे, उभे ठेवले तर पाणी दांडीत उतरून केस सुटतात. आणि डोळे आलेत, रांजणवाडी झालीय, लाल झालेत तर सगळं बंद, तेव्हा वापरलेलं टाकून द्यायचं. नवीन डबी आणली की आधी कानामागे लावून एक दिवस थांबते. दुसऱ्याचा ब्रश आपल्या डोळ्याला नाही, सख्ख्या बहिणीचा असला तरी नाही. लग्नात मी प्रत्येकीला वेगळा ब्रश वापरला आणि त्यासाठी आदल्या रात्री बाथरूममधे ब्रश धूत बसले होते.

आता जावेला पण हवंय. तिनी मला एका ऐंशी रंगांच्या पॅलेटचा फोटो पाठवून घेऊ का विचारलं. मी म्हटलं चार रंगांचं घे, एक आपल्या कातडीच्या रंगाचा, एक त्याहून गडद मॅट, एक चॉकलेटी, एक तांबूस शिमर, आणि उरलेल्या पैशात प्रायमर. तिला ते फारच मिळमिळीत वाटलं. शिवाय तिची पापणी माझ्यासारखी नाही, चांगली रुंद आहे, तिला निळा सुद्धा शोभेल कदाचित. म्हणून रविवारी घरीच बोलावलंय, सकाळी लवकर ये म्हटलंय, दुपारनंतर आमच्या खिडकीत उजेड राहत नाही.